मधली जागा आणि तिच्यातले थंडीचे झुडूप धाकटीला देण्याबाबत

मी, खाली सही करणारी, आयुष्यभर बायकांचे कपडे शिवून पोट भरलेली, सध्या गुडघ्यांनी अधू पण डोक्याने धड, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा सांगण्यावरून न करता, समजून उमजून आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. मी शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आज कोणता वार आहे असे विचारले. मी वार सांगितला आणि त्यांच्या सदऱ्याचा डावा खांदा उतरलेला आहे, हेही सांगितले. त्यांनी पुढे काही न विचारता दाखला दिला.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मागच्या वर्षी केले असते तर त्यात माझ्या धाकट्या बहिणीचा उल्लेख फक्त शिव्या घालण्यापुरता आला असता. न केल्याबद्दल मी माझ्या आळसाची आभारी आहे.

मसुदा वकीलसाहेबांचा आहे. ते म्हणाले, "बाई, मिळकत कोणती आणि कोणाला, एवढंच लिहायचं असतं. ही तुमची कैफियत नव्हे." मी म्हटले, "साहेब, कापड माझं आणि बेतणार मीच. तुम्ही फक्त कायद्याचं अस्तर लावा." तेव्हा जिथे भाषा ताठ आहे तिथे साहेब आणि जिथे वाहवत गेली आहे तिथे मी, असे वाचणाऱ्याने समजावे.

कलम एक. आमच्या वडिलांनी त्यांच्या घराच्या मधोमध भिंत घालून दोन भाग केले. एक माझा, एक धाकटीचा. माझ्या भागातली रस्त्याकडची दुकानाची खोली, मागची कामाची खोली, स्वयंपाकघर व माळा हे सर्व माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एक मुलाचे. तो परगावी नोकरीला आहे. त्याने राहावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे. विकताना गिऱ्हाइकाला न्हाणीघराचे दार आधी उघडून दाखवू नये. सुताराने ते उलटे बसवले आहे आणि उघडले की समोरच्या माणसाच्या कपाळावर येते. मी तक्रार केली तेव्हा तो म्हणाला, "बाई, होईल सवय." सुतार केव्हाच वारला. मला अजून सवय झालेली नाही.

कलम दोन. बँकेतली ठेव मुलाला आणि सुनेला निम्मी निम्मी. तिच्या वाट्याचा हिशेब त्याने विचारू नये.

कलम तीन. दोन्ही शिवणयंत्रे, इस्त्रीचे टेबल, कात्र्या, वळणे आखायच्या लाकडी पट्ट्या आणि बटणांचे सगळे डबे माझ्याकडे काज-बटणाचे काम करणाऱ्या बाईंना द्यावेत. त्यांना मी इतकी वर्षे टाके मोठे येतात म्हणून बोलत आले. टाके मोठे येत नसत. माझे डोळे बारीक बघेनासे झाले होते आणि मला ते कबूल करायचे नव्हते. मोठी कात्री कोणालाही कागद कापायला देऊ नये, ही अट मात्र कायम.

कलम चार. समोरच्या इमारतीतल्या चष्मेवाल्या बाईंनी निळा कोट कंबरेत घट्ट शिवला म्हणून माझी सगळीकडे बदनामी केली होती. कोट मापाबरहुकूम होता. माप दिल्यापासून कोट नेईपर्यंत बाईंनीच अंग धरले होते. एवढे लिहून मी तो विषय सोडून देते. त्यांना मी माफ केले आहे, पण त्यांना तसे कळवू नये.

कलम पाच. मधली जागा.

साहेबांनी हे कलम दोन ओळींत लिहिले होते. मी ते परत घेतले, कारण दोन ओळींत माझी लाज बसत नाही.

घराच्या मागे, माझी कामाची खोली आणि धाकटीचे स्वयंपाकघर यांच्या मध्ये जमिनीचा एक पट्टा आहे. गाडी उभी राहील एवढा रुंद. वडिलांनी तो दोघींचा सामाईक ठेवला. धाकटीला तिथे कपडे वाळत घालायचे होते. माझ्या खिडकीला तिथूनच उजेड येतो, आणि काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने शिवताना समोर कोणाच्या ओल्या चादरी लोंबलेल्या मला नको होत्या. तिला नीट सांगितले असते तर तिने ऐकले असते. पण मी थोरली. सांगणे मला कमीपणाचे वाटले, आणि मी डोके चालवले.

मुलगा नोकरीला लागून परगावी गेला त्या वर्षी मी रोपवाटिकेत गेले आणि मालकांना विचारले, "एकदा लावलं की काढता येणार नाही, असं काय आहे तुमच्याकडे?" त्यांना वाटले बाईंना फुलांची हौस आहे. त्यांनी हे झुडूप काढून दिले. रोपवाटिकेत त्याला डॅफ्नी म्हणतात. आमच्या गल्लीत त्याला थंडीचे झुडूप म्हणतात, आणि तेच मला बरे वाटते. मालक म्हणाले, "याच्या मुळांना हात लावलेला खपत नाही. हलवलंत की गेलं." मला तेवढेच ऐकायचे होते. पट्ट्याच्या अगदी मधोमध, जिथे दोरी बांधायला खांब रोवावा लागला असता, तिथे मी ते लावले.

धाकटीने खिडकीतून पाहिले. ती लहानपणापासून हुशार. काय ते समजली. पुढे तिने जागेवरचा हक्क सोडल्याचे पत्र मी करून तिच्यापुढे ठेवले, तेव्हा तिने कपडे घड्या करता करता सही केली आणि उरलेल्या घड्या घालू लागली. जागा कायद्याने माझी एकटीची झाली, मी तिच्या बाजूने तारेचे कुंपण घातले आणि आम्ही बोलायच्या थांबलो. मला तेव्हा जिंकल्यासारखे वाटले होते.

झुडपाला आमचे भांडण ठाऊक नव्हते. दुपारच्या उन्हात घराच्या भिंतीची सावली त्याला मिळाली, सकाळचे कोवळे ऊन मिळाले, आणि ते कमरेएवढे गोल वाढले. पाने जाड, चकचकीत, बारा महिने हिरवी. ऐन थंडीत, बाकी सगळ्या कुंड्या माना टाकून बसलेल्या असताना, त्याला बाहेरून गुलाबी आणि आतून पांढऱ्या फुलांचे झुपके येतात. वासाबद्दल मी लिहीत नाही. मी आयुष्यभर कापसाचा, खडूचा आणि तापल्या इस्त्रीचा वास घेतलेली बाई आहे, मला ते शब्द येत नाहीत. एवढेच सांगते, की त्या दिवसांत बायका मापे द्यायला येत आणि माप झाल्यावरही दुकानातून हलत नसत.

वारा तिच्या बाजूला वाहतो. थंडीत सगळे खिडक्या लावून घेतात, पण झुडूप फुलले की धाकटी तिच्या स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी ठेवायची. अंगावर शाल घेऊन भाजी चिरताना मला दिसायची. मी मनात म्हणायची, घे, फुकटचा वास घे. आता लिहिताना हात थांबतो, पण मी हे असेच म्हणत होते.

चार हिवाळ्यांपूर्वी झुडपाची पाने पिवळी पडू लागली. खालून सुरुवात झाली आणि वर चढत गेली. मी जास्त काळजी घेऊ लागले. दुकान उघडण्याआधी रोज सकाळी बादलीभर पाणी. पाने आणखी पिवळी. मी आणखी पाणी. कोणीतरी काहीतरी करतेय, हा संशय तेव्हाच माझ्या डोक्यात शिरला होता. कोणीतरी म्हणजे कोण, हे मला शोधावे लागले नाही.

एका दुपारी ताप वाटला म्हणून मी दुकान बंद करून मागे गेले. धाकटी तारेच्या कुंपणावरून वाकून स्टीलच्या जगाने झुडपाच्या बुंध्याशी काहीतरी ओतत होती.

माझ्या जिभेला हाड नाही, हे गल्लीला माहीत आहे. त्या दिवशी कसलीच आडकाठी उरली नाही. मी ओरडले, "काय ओततेस गं? मीठ की फिनेल?" ती दचकली. "ताई, पाणी आहे," एवढेच म्हणाली. किती वर्षांनी बोलली होती, आणि ताई म्हणाली होती. मी ते ऐकूनही ऐकले नाही. तिला हाताला धरून बोळातून पुढे गल्लीत आणले. इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून उभा, काज-बटणवाल्या बाई दारात, चष्मेवाली वरून गॅलरीत. सगळ्यांसमोर मी म्हटले, "बघा, ही माझ्या झाडाला विष घालते. लहानपणापासून विषारीच आहे ही!"

धाकटीचा रंग उडाला होता. तिने काय केले असेल? हातातल्या जगातले उरलेले पाणी तोंडाला लावून सगळ्यांसमोर पिऊन टाकले. रिकामा जग उलटा करून दाखवला. कोणीतरी हळूच म्हणाले, "अहो बाई, पाणीच दिसतंय." आणि मी म्हटले, "वरचं प्यायली. विष तळाशी होतं, ते आधीच ओतून झालं."

हे वाक्य मी जसेच्या तसे लिहायला लावले आहे. साहेब म्हणाले, याची गरज नाही. मला आहे.

ती घरात गेली. तिची ती खिडकी बंद झाली ती आजपर्यंत. आणि पुढे जे झाले त्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते: झुडूप सावरले. महिन्याभरात नवी हिरवी पाने फुटली, थंडीत फुलांनी लगडून गेले. मी मापे घेता घेता प्रत्येकीला सांगितले, "बघितलंत? तिचा हात थांबला आणि माझं झाड वाचलं." पुरावा मिळाल्यासारखी मी ताठ मानेने फिरले. लोकांनी खरे मानले. मानणारच, झाड समोर फुललेले होते. धाकटीने कोपऱ्यावरच्या दुकानातून सामान आणणे बंद केले आणि ती लांबच्या बाजारात जाऊ लागली. ते मला दिसत होते आणि मी त्याचाही अर्थ माझ्या बाजूने लावला.

यंदा थंडी सुरू होताना रोपवाटिकेवाली तिच्या कोटाचे अस्तर बदलायला आली. जुन्या मालकांची ही मुलगी, वडिलांमागे तीच सगळे बघते. मागच्या दारातून झुडूप पाहून ती म्हणाली, "मावशी, छान सावरलं हो. धाकट्या मावशी तेव्हा केवढ्या घाबरल्या होत्या!"

मी विचारले, "ती कशाला घाबरेल?"

"अहो, पानं पिवळी पडली म्हणून बाबांकडे आल्या होत्या. एक पान रुमालात गुंडाळून आणलं होतं. म्हणाल्या, 'ताई दिवसभर दुकानात असते, तिच्या झाडाकडे बघायला कोणी नाही, मरायला टेकलंय.' बाबा म्हणाले, तहानलं असेल, रोज दुपारी पाणी घाला."

"मी रोज सकाळी बादलीभर घालत होते," मी म्हटले.

ती हसायलाच लागली. "काय सांगता! म्हणजे दोघी मिळून बुडवत होतात की त्याला! याला पाय ओले अजिबात चालत नाहीत, मुळंच कुजतात. एकीनं थांबवलं म्हणून वाचलं, नाहीतर..." मग तिने माझ्याकडे पाहिले आणि तिचे हसू तिथेच थांबले. गल्लीत काय झाले होते ते तिला कोणी सांगितलेले नव्हते. मी सांगितले. तिने कोट उचलला आणि अस्तराचे नंतर बघू म्हणाली.

म्हणजे झुडूप तिच्या पाण्याइतकेच माझ्या पाण्यानेही मरत होते. आमच्यापैकी एकीने दुसरीला "आज पाणी घातलंस का" एवढे विचारले असते तर एवढी पाने पिवळी पडली नसती. तिने विचारले नाही कारण मी तिचे तोंड बंद करून ठेवले होते. मी विचारले नाही कारण मी मी होते.

त्याच संध्याकाळी मी तिच्या दाराशी गेले. आतून तिच्या खोकल्याचा आवाज आला. घंटीकडे हात नेला आणि परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, ती बाहेर येताना दिसली, तेव्हा मी इस्त्रीवाल्याकडे काम असल्यासारखी वळले. माफी मागायला तोंड लागते आणि माझे तोंड फक्त दुसऱ्या कामाला तयार झाले आहे. म्हणून मी हा कागद करते आहे. मी गेल्यावर ती वाचेल, तेव्हा तिच्यासमोर मी नसेन. हा भित्रेपणा आहे, हे मला कळते.

आणखी एक कारण आहे. मागच्या खेपेला मुलगा आला तेव्हा मागे उभा राहून म्हणाला, "आई, इथे फरशी टाकली की गाडी सरळ आत येते. हे झुडूप काढून कुंडीत लाव ना." मी म्हटले, हलवले की मरते. तो म्हणाला, "मग दुसरं लाव." तो वाईट नाही. त्याने त्या झुडपासाठी काही गमावलेले नाही, एवढेच. जागा त्याच्याकडे गेली तर पहिल्या उन्हाळ्यात फरशी पडेल.

सबब, मधली जागा, तिच्यातल्या झुडपासह, माझ्या पश्चात माझ्या धाकट्या बहिणीची संपूर्ण मालकीची व्हावी. मुलाने हरकत घेऊ नये. तिने तिथे हवे तेवढे कपडे वाळत घालावेत, दोरी झुडपाला न अडकता भिंतीवरून कशी जाईल ते मी पाहून ठेवले आहे.

झुडपाबाबत सूचना. ते हलवू नये. मुळाशी उकरू नये, फक्त वाळक्या पानांचा थर पसरून ठेवावा. मातीत बोट खुपसून पाहावे, बोट कोरडे आले तरच पाणी, आणि तेही थोडे. छाटू नये, घरात ठेवायला एखादी डहाळी तोडली तर चालते. त्याची साल, पाने, फळे सगळे विषारी असते. हे मला रोपवाटिकेत पहिल्याच दिवशी सांगितले होते, म्हणजे त्या पट्ट्यात विष आणून लावणारी मीच. हात धुवावेत. नवे रोप हवे असेल तर यंदाची फांदी जराशी जून झाली की काडी लावावी, पाचांतली एखादी धरते. हे झाड फार वर्षे जगत नाही. कधीकधी सगळे नीट करूनही एके दिवशी अचानक वाळते. तसे झाले तर दोष कोणाला देऊ नये, आणि धाकटीने स्वतःला तर मुळीच देऊ नये.

कलम सहा. माझ्यामागे भाषणे, फोटो, हार काही नको. दुकानावरची पाटी उतरवताना शिडी इस्त्रीवाल्याची घ्यावी, आमची डुगडुगते.

येथे मृत्युपत्र संपत होते. पुढचे मी स्वतःच्या हाताने, आत्ता, साहेबांसमोर लिहीत आहे.

साक्षीला रोपवाटिकेवाली आणि इस्त्रीवाला येणार होते. रोपवाटिकेवाली आली, पण तिच्यामागून इस्त्रीवाल्याऐवजी धाकटी आत आली. पोरीने तिला सगळे सांगितले होते. माझ्या दुकानात धाकटीने पाऊल ठेवले त्याला किती वर्षे झाली, मला आठवत नाही. ती खुर्चीवर बसली नाही. उभ्याउभ्या चष्मा लावून पहिल्या पानापासून सगळे वाचले. मी टेबलाखाली पडलेल्या टाचण्या वेचत बसले, कारण वर बघण्याची माझी हिंमत नव्हती. पाचव्या कलमाशी ती बराच वेळ होती.

मग म्हणाली, "पेन द्या. साक्षीदार म्हणून मी सही करते."

साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला यात जागा मिळतेय. ज्याला मिळायचं त्याने साक्षीला सही करायची नसते. केलीत तर तुम्हाला दिलेलं रद्द होईल."

"मग करतेच."

"अहो, पण जागा मुलाकडे जाईल, झाड जाईल..."

"तिला ते वाचवायचं असेल तर जिवंतपणी काय तो कागद करेल. हात धड आहेत की तिचे." मग ती माझ्याकडे वळली. "ताई, वर बघ. गल्लीत बोलली होतीस ना? सगळ्यांसमोर? आणि आता कागदावर लिहून मरायची वाट बघतेस? तू गेल्यावर मी हा कागद घेऊन दारोदार फिरू का, की बघा हो, पाणीच होतं? बाजाराला लांबून जाते मी चार वर्षं. मला जागा नको. गल्लीत सांग."

मी म्हटले, "माझे गुडघे..."

"मी हात धरते. तूही धरला होतास."

साहेबांचे पेन तिने हातातच ठेवले आहे. म्हणते, सही परत आल्यावर. बाहेर दुपार आहे, इस्त्रीवाल्याकडे गिऱ्हाइके आहेत, काज-बटणवाल्या बाई दारात बसल्या आहेत आणि चष्मेवाली गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढते आहे. सगळी तीच माणसे. मला एवढी लाज वाटते आहे की अक्षर वाकडे येते आहे. कलम पाच रद्द समजावे. जागा धाकटीला देण्याचा वेगळा कागद साहेबांनी याच आठवड्यात तयार करावा, त्यावर मी तिच्यासमोर बसून सही करीन. आता मी उठते.

ठिकाण: दुकानाची खोली.
तारीख: सोमवार, झुडूप फुलावर असताना.

लिहून ठेवणारी: थोरली (सही, परत आल्यावर केली)

साक्षीदार पहिली: रोपवाटिकेवाली (सही)

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण (सही). वर लिहिलेले वाचले. बाहेर बोललेलेही ऐकले. दोन्हींची साक्ष देते.